स्कार्फ बांधला म्हणून सेल्सगर्लला काढलं म्हणतात, त्या दुकानातली खरेदी बंद करायची का?

कुर्ला_पश्चिम:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी मॉलमधल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात सेल्सला होती, चेन आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मध्यंतरी ती डोक्याला स्कार्फ बांधून जायला लागली. तिचं म्हणणं असं की आधी फ्लोअर मॅनेजर बोलला हे ग्रूमिंगमध्ये, म्हणजे दुकानाच्या राहणी-पोशाखाच्या नियमांत, बसत नाही, मग तिला काउंटरवरून उचलून मागे स्टॉकरूममध्ये टाकलं, दिवसभर टॅग मारायचे आणि पेट्या फोडायच्या, गिऱ्हाईक असताना बाहेर यायचं नाही, आणि शेवटी कागद पुढे ठेवला की राजीनामा लिही नाहीतर फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, अडकेल. घाबरून तिने लिहून दिला. त्याच दुकानात कॅशवरचा मुलगा रोज टिळा लावून येतो, मेन्स सेक्शनला एक सरदार मुलगा पगडीत असतो, आणि ते बरोबरच आहे, त्यांना कोणी काही म्हणू नये, पण मग हिलाच का? दुकानवाले म्हणतात ती स्वतःहून सोडून गेली.

आता बिल्डिंगच्या ग्रुपवर बहिष्काराचा मेसेज फिरतोय, दुकानाच्या नावासकट. आमच्या घरची निम्मी खरेदी तिथलीच असते, पाडवा तोंडावर आहे. मला त्या मुलीच्या बाजूने उभं राहायचंय पण आपण चार घरांनी खरेदी सोडून त्या कंपनीला काही फरक पडतो का? आणि काही सिद्ध झालेलं नसताना असं करावं का?

लालबागकर:
सरळ बंद करा ताई. बाबू गेनू गिरणीतला साधा कामगार, १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि जीव गेला त्याचा. त्याच मुंबईत आपल्याकडून एक दुकान सुटत नाही? पैसे तुमचे, कुठे द्यायचे ते तुम्ही ठरवा, त्याला कोर्टाचा निकाल कशाला लागतो.

साधा_प्रश्न:
एकच बाजू ऐकून एवढं पेटू नका. मुलीला काउंटरवरून का हलवलं याची दुसरी कारणंपण असू शकतात, टार्गेट, सुट्ट्या, काहीही. आणि महाराष्ट्रात बहिष्काराच्या विरोधात कायदा आहे, ग्रुपवर मेसेज टाकणारे उद्या अडकतील.

फ्लोअरवरचा_माणूस:
मी दादर आणि अंधेरीत अशाच दुकानांमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी सेल्सला मग स्टोअर मॅनेजर, म्हणून आतलं सांगतो. तुम्ही गुपचूप जायचं बंद केलंत तर कंपनीला काहीच कळत नाही. रोज रात्री दुकानातून हेड ऑफिसला रिपोर्ट जातो, आज आत माणसं किती आली, बिलं किती झाली, एका बिलामागे विक्री किती. आकडा पडला की वरून फोन येतो आणि खालून उत्तर जातं की पाऊस होता, परीक्षा चालू आहेत, समोर सेल लागलाय. एका मुलीवर अन्याय झालाय म्हणून बायका येत नाहीत हे त्या रिपोर्टात कुठेच येत नाही, ते लिहायला कॉलमच नाही. आणि टार्गेट चुकलं की आधी इन्सेंटिव्ह जातो तो फ्लोअरवरच्या पोरांचा, नंतर एजन्सीच्या पेरोलवरची पोरं घरी पाठवतात. मॅनेजरचा पगार चालूच असतो. म्हणजे ज्याने केलं तो सुटला आणि तिच्या शेजारी उभी राहणारी मुलगी भरडली.

मग गप्प बसायचं का, तर अजिबात नाही. खरेदी थांबवा पण ती का थांबवली ते त्यांना लेखी कळू द्या. कस्टमर केअरला मेल करा, जुन्या बिलाचा नंबर आणि मेंबरशिपचा नंबर टाका, म्हणजे तुम्ही त्यांचं खरं गिऱ्हाईक आहात हे दिसतं. मागणी एकच आणि नेमकी ठेवा: डोकं झाकून काउंटरवर उभं राहता येतं की नाही ते लेखी द्या. बऱ्याच ठिकाणी ग्रूमिंगच्या कागदात केस बांधलेले हवेत, नखं कापलेली हवीत, बूट काळे हवेत एवढंच असतं, बाकी सगळं मॅनेजरच्या मनावर. पगडी चालते आणि स्कार्फ चालत नाही हे लेखी द्यायची वेळ आली की हेड ऑफिसवालेच दचकतात. आणि कृपा करून काउंटरवर जाऊन तिथल्या मुलीवर ओरडू नका, व्हिडिओ काढू नका, तिचा यात काही संबंध नसतो.

लॉ_करतेय:
@साधा_प्रश्न, तुम्ही म्हणताय तो २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, तो जातपंचायत किंवा समाज एखाद्या माणसाला, कुटुंबाला वाळीत टाकतो त्याच्यासाठी आहे. दुकानातून साडी न घेणं त्यात येत नाही. फक्त मेसेजमध्ये आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टी खात्रीने लिहू नका, "तिचं म्हणणं आहे की" असं लिहा, नाहीतर बदनामीची नोटीस येऊ शकते.

खरी अडचण वेगळीच आहे. राज्यघटनेच्या कलम १५(२) प्रमाणे गिऱ्हाईक म्हणून दुकानात यायला कोणालाही धर्मावरून अडवता येत नाही. पण काउंटरच्या आतल्या माणसासाठी तसं काही नाही! कलम १६ सरकारी नोकरीपुरतं. आपल्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात बाईमाणसाशी भरती, बदली, बढती, पगारात भेदभाव करायचा नाही असं आहे, धर्माचा उल्लेख नाही. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव करू नका असं सरळ सांगणारा एक कायदा अजून आपल्याकडे झालेलाच नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्याच एका हिऱ्यांच्या कंपनीने एका एमबीए झालेल्या मुलाला आम्ही मुस्लिम उमेदवार घेत नाही असं चक्क ईमेलवर कळवलं होतं, ते लेखी होतं म्हणून एफआयआर झाली. तोंडी बोललं असतं तर काय हातात राहिलं असतं?

त्याच वर्षी अमेरिकेत ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या चेनचा निकाल लागला. २००८ मध्ये ओक्लाहोमातल्या तुल्सा शहरात १७ वर्षांची मुलगी स्कार्फ घालून इंटरव्ह्यूला गेली, इंटरव्ह्यू घेणारीला ती पसंत होती पण वरच्या मॅनेजरने "लुक पॉलिसी"त बसत नाही म्हणून नको सांगितलं. कंपनीचा बचाव होता की तिने धर्मासाठी सवलत मागितलीच नव्हती. सुप्रीम कोर्टाने १ जून २०१५ ला ८ विरुद्ध १ असं तिच्या बाजूने ठरवलं, नाकारण्यामागे तिची धार्मिक रीत हे कारण होतं की नाही ते बघायचं, तिने मागितलं की नाही हे नाही. पण तिच्या वतीने सरकारी आयोग लढला, त्यांचा १९६४ चा नागरी हक्क कायदा होता. आपल्या मुलीच्या मागे असं कोणी नाही म्हणूनच गिऱ्हाईकांनी बोलायला हवं असं माझं ठाम मत आहे.

आत्ता लगेच करायचं ते म्हणजे राजीनामा दबावाने लिहून घेतला हे तिने कंपनीला आजच मेलवर कळवावं, जितका उशीर तितकं ते पचनी पडणं कठीण. दुकानाच्या ग्रुपवर ड्युटी रोस्टर येत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कुठल्या तारखेपर्यंत काउंटर आणि कधीपासून स्टॉक ते त्यात दिसेल. आणि सगळ्यात आधी तिला विचारा तिला काय हवंय.

कुर्ला_पश्चिम:
खूप आभार सगळ्यांचे. काल तिच्या घरी जाऊन आले. रोस्टर सापडलं, स्कार्फ घातला त्याच आठवड्यात नाव स्टॉकमध्ये गेलंय. टार्गेटचं म्हणाल तर त्याच्या आदल्या महिन्यात तिला इन्सेंटिव्ह मिळालेला आहे, पे स्लिपवर आहे. तिला आपलं नाव, फोटो कुठेही नकोय, घरी लग्नाचं बघतायत. राहिलेला पगार आणि एक्सपिरियन्स लेटर हवंय, त्याशिवाय दुसरीकडे उभं करत नाहीत. आणि परत काउंटरवर घेतलं तर जायची तिची तयारी आहे, हे ऐकून तिची आई चिडली पण मुलगी ठाम आहे.

ग्रुपवरचा जुना मेसेज काढायला लावला. आम्ही सात-आठ जणी आपापली बिलं शोधून मेल करतोय, स्कार्फचं लेखी द्या आणि तोपर्यंत आमची खरेदी बंद, पाडव्याचं सगळं यंदा रानडे रोडवरून. सोमवारी तिच्याबरोबर बीकेसीला कामगार भवनला, म्हणजे कामगार खात्याच्या ऑफिसात, जाणार आहे पगाराचं विचारायला. अर्ज इंग्रजीतच लागतो का?

फ्लोअरवरचा_माणूस:
मराठीत चालतो. दोन प्रती न्या आणि एकीवर पोचचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.