फील्ड ॲपमध्ये सक्तीचे रकाने असावेत का?

सड्यावरचा
गेल्या जुलैत आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रात्री बेडकांच्या नोंदी घेत होतो. धो धो पाऊस, डोक्याला टॉर्च. ओलं बोट स्क्रीनवर चालत नाही आणि थेंब पडला की भलतंच बटण दाबलं जातं. त्यात ॲप अडून बसलं: पाण्याचं तापमान भरा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. तापमापक सॅकच्या तळाशी. सोबतच्या मुलाने २४ टाकलं, कारण आधीच्या डबक्यात २४ होतं. आता ते २४ खऱ्या २४ पासून कुणालाच वेगळं काढता येणार नाही.
माझं मत स्पष्ट आहे. सक्ती फक्त जागा आणि वेळेची, कारण त्या फोन स्वतः टिपतो. बाकी सगळं मोकळं सोडा.

आकडेमोडी
अजिबात पटलं नाही. रिकामा रकाना वाचायचा कसा? बेडूक नव्हता, की कुणी शोधलाच नाही? 'शोधला, दिसला नाही' ही नोंद दिसलेल्या बेडकाइतकीच मोलाची असते. ईबर्ड हे पक्षी नोंदवायचं ॲप यादी पाठवताना विचारतंच ना, ओळखता आलेले सगळे पक्षी यात आहेत का म्हणून? त्या एका उत्तरामुळे यादीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. तुमच्या मोकळ्या फॉर्मचे सहा महिन्यांचे आकडे माझ्याकडे आले, तर निम्मे मला बाजूला ठेवावे लागतील.

पेन्सिल
वही आणि पेन्सिल. भिजली तरी चालते, चार्ज करावी लागत नाही.

आकडेमोडी
@पेन्सिल, आणि घरी आल्यावर तीनशे ओळी टाइप कोण करणार? ७ चा १ तिथेच होतो.

दरीतली
'जागा फोन टिपतो' यावर एवढा भरवसा नको. दाट झाडीत, घळीत जीपीएस बराच चुकतो. काही ॲप सिग्नल नसला की आधीचीच जागा चिकटवतात. किती मीटरची चूक संभवते तो आकडा नोंदीसोबत साठवा आणि नोंदणाऱ्याला मोठ्या अक्षरांत दाखवा.
दुसरं, आपण सगळे शिकलेल्यांपुरतंच बोलतोय. दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी सायबरट्रॅकर हे नोंदींचं सॉफ्टवेअर घडवलं ते लिहिता-वाचता न येणाऱ्या माग काढणाऱ्यांसाठी, चित्रांवर बोट ठेवून नोंद करण्यासाठी. जंगल ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्यांच्या हाती ते दिलं. आपल्याकडे वाटाड्या बघतो आणि टाइप करतो शहरातला पोरगा. मधे काय काय गळतं, याचा हिशेब कोण ठेवतं?

सड्यावरचा
दरीतली, वाटाड्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या गावातल्या मामांना बेडूक आवाजावरून कळतो, पण फॉर्मात 'ऐकला' असा पर्यायच नव्हता.
आकडेमोडी, शून्य आणि रिकामं यांतला फरक मला मान्य आहे. मग प्रत्येक रकान्यात 'मोजलं नाही' असं बटण द्या. उत्तराची सक्ती राहील, आकड्याची नाही. फक्त ते बटण बाकीच्यांइतकंच मोठं हवं, मेन्यूत लपवलेलं नको.

आकडेमोडी
मग दमलेला माणूस सगळीकडे तेच दाबत सुटेल.

सड्यावरचा
दाबू दे. दहा वेळा 'मोजलं नाही' आलं तर तो फॉर्म लांब आहे, एवढं तरी तुम्हाला कळेल. खोट्या २४ मधून तेही कळत नाही.

आकडेमोडी
ठीक, पण कारण विचारा: उपकरण नव्हतं, वेळ नव्हता की जागा धोक्याची होती. तीन चित्रं, एक टॅप. एवढं मिळालं तर माझी हरकत नाही.