पंखा बंद, तरी ड्रायव्हर २६४७ आरपीएम दाखवतोय

रात्रपाळी (प्रश्न)

मंडळी, दोन दिवस याच्या मागे आहे. एलएम७८ च्या घराण्यातल्या एका सेन्सर चिपसाठी लिनक्सचा एचडब्ल्यूमॉन (हार्डवेअरवर नजर ठेवणारा) ड्रायव्हर लिहितोय. तापमान, व्होल्टेज झकास येतात. पंख्यापाशी गाडं अडलंय. फॅन१_इनपुट (पंख्याचा वेग, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेऱ्या) वाचलं की २६४७. पंखा बोटाने थांबवला, २६४७. कनेक्टर उपटला, तरी २६४७! मधूनच एखादं २७०० येऊन जातं. पंख्याच्या स्टिकरवर कमाल वेग १५०० छापलाय, म्हणजे दोन्ही आकडे खोटेच.

सूत्र डेटाशीटमधलंच आहे: १३५०००० भागिले (रजिस्टर × भाजक). रजिस्टर म्हणजे चिपमधला आकड्याचा कप्पा, भाजक म्हणजे त्यातली मोजणी लहान करणारी चिपची सेटिंग. भाजक २, चिप चालू होताना होता तोच. रजिस्टर आय-टू-सी बसवरून (चिपशी बोलायच्या तारांवरून) वाचून यू८ मध्ये (बिनचिन्हाच्या आठ बिटांत) घेतो.

मागे माझ्याच एका मशीनचा पंखा बंद पडला होता आणि स्क्रीनवर वेग ठणठणीत दिसत राहिला. डिस्कला हात लावल्यावर चटका बसला तेव्हा कळलं. माझ्या ड्रायव्हरमुळे दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे नीटच करायचंय.

तिसरी वायर (उत्तर)

रजिस्टरमध्ये वेग नसतो, वेळ असतो. पंख्याच्या तिसऱ्या वायरवर बहुतेकदा एका फेरीला दोन पल्स येतात. तेवढ्या अवधीत २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाचे किती ठोके पडले, ते चिप मोजते. २२५०० गुणिले ६०, हेच तुमचे १३५००००. पंखा जितका हळू, तितका आकडा मोठा. आणि बिट आठच, त्यामुळे मोजणी २५५ ला अडते. आता १३५०००० ला ५१० ने भागून बघा. २६४७!

२५५ म्हणजे 'मोजता आलं नाही' अशी खूण आहे आणि तुम्ही तिलाच सूत्रात घालताय. २५५ आला की शून्य परत करा. रजिस्टरमध्ये ० आला तर भागायला जाऊच नका, कर्नलमध्ये शून्याने भागलं की थेट ऊप्स (कर्नल कोलमडतो).

रात्रपाळी

२५५ ला शून्य केलं, कनेक्टर काढल्यावर शून्य येतंय. पण आता पंखा डोळ्यांदेखत फिरतोय तरी शून्यच! २७०० अजून अधूनमधून आहेच.

तिसरी वायर

मग भाजक अपुरा आहे. १२०० आरपीएमला ११२५ ठोके होतात. २ ने भागून ५६२, ते आठ बिटांत मावणार कसे? भाजक ८ करा, १४० येईल. बदलल्याबरोबर लगेच वाचू नका, एक मोजणी पुरी होऊ द्या.

आणि हे विसरू नका: किमान वेगाची मर्यादाही त्याच ठोक्यांत साठवलेली असते. भाजक २ चा ८ केला आणि ती तशीच ठेवली, तर मर्यादा चौपट खाली जाते. पंखा मंदावला तरी अलार्म गप्प. आधी मर्यादा आरपीएममध्ये काढून ठेवा, भाजक बदला, मग नव्या भाजकाने परत लिहा.

बसवरचा आवाज (उत्तर)

२७०० चं मी सांगतो. भाजक २ धरून उलटं गेलात तर रजिस्टर २५० येतं. आणि उणे ६ यू८ मध्ये कोंबला की २५० च होतो. ६ म्हणजे ईएनएक्सआयओ, चिपने बसवर उत्तरच दिलं नाही. वाचणारं फंक्शन चूक झाली की उणे आकडा देतं. तुम्ही त्याचं चिन्ह पुसून त्याचा वेग केलात. इंटमध्ये (उणे आकडाही मावतो अशा प्रकारात) घ्या, उणे असेल तर आहे तसाच वर परत करा. इथे शून्यही देऊ नका. पंखा थांबणं वेगळं आणि आपल्याला न दिसणं वेगळं.

रात्रपाळी

दोघांचेही मनापासून आभार. भाजक ८ केला, इंट घेतला, मर्यादा परत लिहिली. आता १२०५ आणि ११९६ आलटून पालटून येतात. १४० नि १४१ मधला फरक तेवढाच, त्यामुळे तो सरासरी काढून लपवणार नाही. बसची वायर काढली की वाचताना सरळ एरर येते. बोट लावून पंखा थांबवला: शून्य, आणि फॅन१_अलार्म १. रात्रभर चालू ठेवतोय, २७०० पुन्हा दिसलं तर इथेच लिहीन.