सगळी सेटिंग्ज उडवण्याआधी हे करून बघा

लिनक्सवरच्या एक्सएफसीई डेस्कटॉपचा टास्कबार किंवा खिडक्यांच्या पट्ट्या गायब झाल्या तर '.कॉन्फिग' या सेटिंग्जच्या लपलेल्या फोल्डरमधलं एक्सएफसीईचं अख्खं फोल्डर उडवून परत लॉगिन करा, असा सल्ला इथे एकाने दिलाय. मला तो पटत नाही. टास्कबार कदाचित परत येईल, पण शॉर्टकट, थीम, पॅनेलची मांडणी सगळंच जाईल. आधी नेमकं काय बंद पडलंय ते ओळखा. खिडक्यांची वरची पट्टी आणि बंद करायचं बटण गायब असेल तर विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्या सांभाळणारा एक्सएफडब्ल्यूएम४ हा प्रोग्रॅम, चालू नाही. फक्त टास्कबार नसेल तर पॅनेल, म्हणजे टास्कबार दाखवणारा प्रोग्रॅम, बंद पडलंय. दोन्ही वेगळे प्रोग्रॅम आहेत. पहिल्या बाबतीत टर्मिनलमध्ये 'एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस' (xfwm4 --replace) दिलं की पट्ट्या लगेच परत येतात.

माझ्याकडे मात्र दर लॉगिनला पट्ट्या पुन्हा जायच्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, तेव्हा कारण सापडलं: विंडो मॅनेजर बंद पडलेला असतानाच मी 'सेशन जतन करा'वर खूण ठेवून लॉगआउट केलं होतं. जतन झालेल्या चालू प्रोग्रॅमच्या यादीत तो नव्हताच, मग सुरू कोण करणार? होम फोल्डरमधल्या '.कॅश'खालच्या 'सेशन्स'मधल्या फाइली काढल्या आणि प्रश्न मिटला. सेटिंग्जना हातही लागला नाही.

पॅनेलची सेटिंग फाइल काढावीच लागली तर डेस्कटॉप चालू असताना काढू नका. एक्सएफकॉन्फ-डी, म्हणजे सेटिंग्ज सांभाळणारा मागे चालणारा प्रोग्रॅम, ती सेटिंग्ज मेमरीत धरून असतो, आणि पुढचा बदल झाला की तीच जुनी फाइल परत लिहितो. आधी लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ने कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर, जा आणि तिथून काढा.