प्रवासात फोटो आणि व्हिडिओ दोन्हीला एकच कॅमेरा पुरेल का?

रावेरकर
दत्त जयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, तिथून तोरणमाळ, आणि होळीला अक्कलकुवा तालुक्यातलं काठी गाव असा बेत आहे. तिन्हीकडे फोटोही हवेत आणि व्हिडिओही. आजवर जुना डीएसएलआर आणि मोबाइल अशी जोडी वापरली. गेल्या यात्रेत एक पांढरा घोडा रेवाल चालीत, म्हणजे स्वाराला धक्का न लागू देणाऱ्या चालीत, समोरून आला. गळ्यात कॅमेरा, हातात मोबाइल. कोणता उचलू हे ठरेपर्यंत तो पुढे निघून गेला, माझ्याकडे नुसती धूळ आली. ते अजून मनातून जात नाही.
म्हणून आता एकच बॉडी, एकच लेन्स. सगळं मिळून दोन लाखांच्या आत. मनात सोनी ए६७०० किंवा फुजी एक्स-एस२० आहे. दोन्ही २०२३ चे, २६ मेगापिक्सेलचे, बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय), वजन बॅटरी-कार्डासकट पाचशे ग्रॅमच्या आत. अनुभवी लोकांनी सांगा.

शिरपूरची ताई
दादा, माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका. फोटोला कॅमेरा, व्हिडिओला मोबाइल, हीच वाटणी बरी.
कारण सांगते. यात्रेत भर दुपारचं ऊन असतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं तोंड एफ २.८ इतकं उघडं ठेवलं तर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातो. फोटोला ते छानच. पण सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत हालचाल डोळ्याला दिसते तशी यायला १/५० लागतो. म्हणजे सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवायचा, त्यासाठी एनडी म्हणजे काळसर काचेचा फिल्टर लावायचा, फोटोसाठी परत काढायचा. तेवढ्यात तुमचा घोडा तापी ओलांडून जाईल. मोबाइल हे सगळं स्वतः सांभाळतो आणि व्हिडिओ संध्याकाळी घरच्या ग्रुपवर पोचलेला असतो.

तापीकाठचा, शहादा
ताई, दुपारचं तुमचं बरोबर. पण काठीची होळी दुपारी नसते. रात्रभर ढोल आणि नाच, होळी पेटते पहाटे. नवस फेडणारे बावा-बुध्या घुंगरं बांधून नाचतात तेव्हा उजेड असतो तो शेकोटीचा आणि बॅटऱ्यांचा. तिथे मोबाइलच्या छोट्या सेन्सरने काढलेले चेहरे मेणासारखे गुळगुळीत येतात, अंगावरची राखेची नक्षी पुसली जाते. मी दोन वर्षं तेच केलं, आणि त्या व्हिडिओंकडे बघवत नाही. एपीएस-सी सेन्सर (मोबाइलच्यापेक्षा बराच मोठा, तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत आहे तो) आणि एफ २.८ असेल तर ती नक्षी टिकते.
फिल्टर आता चुंबकाचे मिळतात, बोटाने टक्कन निघतात. सोनी ए६७०० ला मोड डायलखालीच फोटो-व्हिडिओचा वेगळा डायल आहे. दोन्हीकडची सेटिंग वेगळी लक्षात राहतात, शटर दर वेळी बदलत बसावा लागत नाही.
आणि काठीला कॅमेरा काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. तो त्यांचा सण आहे.

धुळेकर
भाऊ, उन्हाचं कोणी बोललंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. छोट्या बॉडीत ४के ६० फ्रेमवर सलग रेकॉर्डिंग केलं की कॅमेरा तापून बंद पडतो. माझ्यासोबत लळिंगच्या किल्ल्यावर झालंय. पॅनासोनिक एस५ टू बघ. आत पंखा आहे, सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीहून मोठा.

शिरपूरची ताई
आणि बॅटरी-कार्डासकट नुसती बॉडी ७४० ग्रॅम! वर फुल फ्रेमची लेन्स. तोरणमाळला सीताखाईच्या खोल दरीच्या कडेला तो गळ्यात घेऊन उभे राहा, मग सांगा. डिसेंबरच्या यात्रेला पंखा कशाला हवा?

भुसावळचे काका
मी तीस वर्षं लग्नाचे फोटो काढले. तुम्ही सगळे सेन्सरवर भांडताय, माझा प्रश्न कार्डाचा आहे.
आमच्या गावात रॉबर्ट गिल हा ब्रिटिश चित्रकार पुरलेला आहे, १८७९ ला गेला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात त्याने वर्षानुवर्षं घालवली. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. दुसरी प्रत नव्हती.
माझंही तसंच झालं. कानबाई या आपल्या खानदेशी देवीच्या रोटांच्या (नैवेद्याच्या) दिवशी आईने म्हटलेली गाणी मी रेकॉर्ड केली. कॅमेऱ्यात एकच कार्ड, ते खराब झालं. आई पुढच्या वर्षी गेली. तो आवाज आता कुठेच नाही.
रावेरकर, तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांना कार्डाची एकच खाच आहे. कॅनन आर७ बघा. २०२२ चा आहे, ६१२ ग्रॅम, ३२.५ मेगापिक्सेल, स्टॅबिलायझेशन बॉडीत, आणि दोन कार्डं. फोटो दोन्हीवर एकदम लिहायला लावा. ऑन-ऑफच्या खटक्यालाच पुढे व्हिडिओची जागा आहे, म्हणजे ताईंची अडचणही निम्मी सुटते.

तापीकाठचा, शहादा
काका, आर७ ला एक खोट आहे, ती सांगायलाच हवी. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर त्यात हळू चालतो, चित्र ओळीओळीने टिपतो. नाचणाऱ्या घोड्याचे पाय तिरके येतात. फोटोला मेकॅनिकल शटरच ठेवा, तोही सेकंदाला १५ फ्रेम देतो.
लेन्स सिग्मा १८-५० एफ २.८ घ्या, कॅननसाठीही निघाली आहे. एवढीशी आहे. मात्र लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून बॉडीत हवंच. सोनी झेडव्ही-ई१० वर ही लावणाऱ्यांचे व्हिडिओ चालताना हलतात ते त्यामुळेच, त्या बॉडीत ते नाही.

रावेरकर
काकांची आईची गोष्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझीही आजी रोटांच्या वेळी गाते आणि मी ते एकदाही नीट रेकॉर्ड केलेलं नाही.
आर७ आणि सिग्मा, ठरलं. धुळेकर भाऊ, उन्हाळ्यात ४के २५ वरच काढेन, तेवढं मला पुरे. ताई, फिल्टरच्या खटाटोपावर तुमचं म्हणणं मान्य आहे. म्हणून सारंगखेड्याला पहिला दिवस फक्त फोटो, फिल्टर खोलीवर. दुसरा दिवस फक्त व्हिडिओ.

शिरपूरची ताई
आणि घोडा पहिल्याच दिवशी नाचला तर? मला अजून पटलेलं नाही. मी मोबाइलच घेऊन येणार आहे. दत्त मंदिरापाशी भेटा, एकाच घोड्याचा व्हिडिओ दोघं काढू आणि शेजारी ठेवून बघू.

भुसावळचे काका
रावेरकर, यात्रेला अजून अवकाश आहे. आधी आजीकडे जा.