'मान राख' की 'सन्मान कर'? आणि 'बलिदान' चालेल का?

पत्रिकावाला: मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारच्या, म्हणजे मातृदिनाच्या, चर्चमधल्या उपासनेची पत्रिका छापायला द्यायचीय. मथळा आलाय 'मातांच्या बलिदानाचा सन्मान'. 'बलिदान' खटकतंय, पण का ते नेमकं सांगता येत नाही. शिवाय दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखायला सांगणारी जी आज्ञा आहे, तिच्यातल्या 'मान राख'ऐवजी 'सन्मान कर' लिहिलं तर फरक पडतो का?

कोशकिडा: बलिदान काढाच. आजच्या मराठीत बलिदान म्हटलं की हुतात्मा डोळ्यांसमोर येतो, आणि इथे तर आई पहिल्या बाकावर बसलेली असणार! आपल्याकडे याला भरपूर नेमके शब्द आहेत: खस्ता खाणे, पोटाला चिमटा घेणे, हाडाची काडं करणे. फक्त 'खस्ता' अनेकवचनीच वापरा. 'आईने खस्ता खाल्ल्या' बरोबर, 'खस्ता खाल्ली' चूक. 'त्याग' चुकीचा नाही, पण वापरून वापरून गुळगुळीत झालाय.

वचनवाचक: बलिदानाला शास्त्राचीही अडचण आहे. बायबलमधल्या इब्री १०:१० प्रमाणे येशूचं अर्पण एकदाच आणि कायमचं झालं. आईच्या कष्टांना तोच शब्द लावला की दोन्ही गोष्टी एका तराजूत बसतात.

उलटतपासणी: मग रोमकरांस १२:१ मधल्या 'जिवंत यज्ञा'चं काय? तिथे तर प्रत्येक विश्वासणाऱ्याला स्वतःला अर्पण करायला सांगितलंय.

वचनवाचक: मुद्दा बिनतोड. पण तिथे 'जिवंत' हे विशेषण मुद्दाम लावलंय, आणि ते अर्पण देवाला आहे, लेकरांना नाही. पत्रिकेच्या एका ओळीत एवढा खुलासा मावायचा नाही.

आता 'मान'. निर्गम २०:१२ मधलं हिब्रू क्रियापद 'कब्बेद'. त्याच्या धातूचा मूळ अर्थ जड असणे. म्हणजे आईबापांना वजन दे. 'तिच्या शब्दाला घरात वजन आहे' असं आपण म्हणतो, अगदी तसंच. निर्गम २१:१७ मध्ये आईबापांना शाप देण्यासाठी आलेल्या क्रियापदाचा धातू 'हलकं असणे' या अर्थाचा आहे. मराठीत 'हलकं लेखणे' आहेच. 'सन्मान'ला मात्र शाल-श्रीफळाचा वास येतो. तो तासाभरात उरकतो. 'मान' रोज राखावा लागतो, म्हणून क्रियापदही 'राख'.

कोशकिडा: यात पैसाही आहे, ते राहिलंच. नवा करार ग्रीकमध्ये आहे, आणि ग्रीक 'तिमे' म्हणजे मान आणि किंमतही. १ तीमथ्य ५:३ मध्ये विधवांचा मान राखायला सांगितलंय, आणि पुढच्याच वचनात मुलानातवंडांनी त्यांच्या पोटापाण्याचं पाहावं असं आहे. आपला 'मानधन' शब्द आठवा! मार्क ७:११ मधला वाद याच पैशाचा. आईबापांना द्यायचं ते 'कोर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकायची सोय काढली होती, ती येशूने खोडली. आपल्या 'कुर्बानी'चं मूळही याच सेमिटिक धातूत आहे, अर्थ 'जवळ येणे'. धर्माच्या नावावर आईला उपाशी ठेवणं हेही आज्ञाभंगच, एवढा कडक अर्थ आहे त्याचा.

उलटतपासणी: लेवीय १९:३ पण पाहा. तिथे आई आधी, बाप नंतर, आणि क्रियापद 'भिणे' या अर्थाचं.

पत्रिकावाला: 'पाचवी आज्ञा' असं लिहिलंय, ते बरोबर ना?

वचनवाचक: बहुतेक प्रोटेस्टंट पाचवी म्हणतात, कॅथलिक आणि लुथरन चौथी. पाहुणे मिश्र असतील तर आकडा गाळा, अध्याय-वचन द्या. 'मातृदिन' लिहिलंत तर शेजारी तारीखही टाका. महाराष्ट्रात पिठोरी अमावस्येलाही मातृदिन म्हणतात, ती श्रावणात येते. मे महिन्यातला दिवस अमेरिकेतला: १९०८ साली ग्राफ्टनच्या मेथडिस्ट चर्चमध्ये ॲना जार्व्हिसच्या पुढाकाराने उपासना झाली, १९१४ साली सरकारी घोषणा. 'मदर्स डे' या इंग्रजी नावात आई एकवचनीच हवी असा तिचा हट्ट होता: प्रत्येकाने आपापल्या आईसाठी.

कोशकिडा: तो हट्ट आपल्याही सोयीचा आहे. 'आई'चं अनेकवचन 'आया', पण 'आयांचा मान' वाचून कुणाला पाळणाघरातल्या आया आठवतील. 'मातांचा' लिहिलं की भाषणबाजी वाटते. 'आईचा मान' लिहा, प्रश्नच मिटला.

पत्रिकावाला: मथळा 'आईचा मान राख', खाली 'निर्गम २०:१२', त्याखाली तारीख. 'बलिदान' काढून पहिल्या परिच्छेदात 'खाल्लेल्या खस्ता' घातलंय. प्रूफ आज पाठवतो.

उलटतपासणी: 'राख' मथळ्याच्या शेवटी एकटा दुसऱ्या ओळीत पडू देऊ नका, चुलीतली राख वाचतील लोक.