इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की रुपया दंड? माझा सरळ विरोध

ग्रामशिक्षिका
काल इथे एका क्लासचालकांनी लिहिलं की मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी बोलतं करायचं तर तासाला मराठी शब्द उच्चारला की रुपया दंड लावा, आणि प्रश्न त्यांना झेपतील असे सोपेच विचारा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. मागच्या आठवड्यात बैल विकणाऱ्या शेतकऱ्याचा छोटा उतारा घेतला. ‘व्हॉट डिड द फार्मर सेल?’ म्हटलं की सगळे हात वर. ‘सेल’ शब्द दिसला की त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि वाचायचं, अर्थ कळायची गरजच नाही. मग मी मराठीत विचारलं, “त्याने गाय ठेवून बैल का विकला असेल?” वर्ग पेटला. “गाय दूध देते, रोजचा पैसा येतो.” “पेरणी उरकली होती, बैलाला आता काम नाही.” इंग्रजीच्या तासाला कधी मान वर न करणारी एक पोर म्हणाली, “पुढच्या वर्षी पेरणार कशानं? त्याला ते कळत होतं, पण उधारीवाला थांबला नसेल.”

आता हेच इंग्रजीत सांगा म्हटलं. जोडीजोडीने बोलायला दोन मिनिटं दिली, फळ्यावर ‘आय थिंक... बिकॉज...’ एवढंच लिहिलं. ती उठली: “आय थिंक फार्मर सॅड बिकॉज नो बुलक, नो...” पेरणीपाशी अडली. मी म्हटलं, “येस, विदाउट अ बुलक ही कान्ट सो हिज फील्ड.” कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिने ते अख्खं वाक्य पुन्हा म्हटलं.

दंड असता तर ती गप्प बसली असती. पोरांची इंग्रजी कच्ची आहे, डोकं नाही.

क्लासवाला_लातूर
तो क्लासचालक मीच. बाई, पोर मराठीत हुशार आहे एवढंच तुम्ही दाखवलंत. माझ्याकडे दहावी झालेली मुलं येतात. दहा वर्षं काय ऐकलं? सर एक ओळ वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, उत्तर गाईडमधून उतरवून घेतात. घरात, बाजारात, एसटीत इंग्रजी कानावर पडत नाही. मिळतो तो एक तास, त्यातही मराठीच. मग कान तयार व्हायचा कधी? मी स्वतः असाच शिकलो. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये ‘डिटर्मिन’ऐवजी ‘डिटरमाइन’ म्हणालो. मागची दोन बाकं हसली. वर्षभर मी हात वर केला नाही. पोरांना आधी उच्चार द्या, विचार नंतर येतील.

निवृत्त_मुख्याध्यापक
उच्चार देणार कोण? २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पण पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या आणि कधीच न बोललेल्या शिक्षकाच्या हाती ते पुस्तक दिलं. त्यात शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम नको. माझ्या शाळेत निम्मा दिवस माहिती भरण्यात जायचा. त्यावर कुणी धागा काढत नाही.

पालक_चिंचवड
सर, मूळ प्रश्न बाजूला राहतोय. पण उच्चारांचं निघालंच आहे तर एक सांगते. आपण ‘व्हॅन’ला व्ह लिहितो आणि ‘वॉटर’ला व. ‘बॅट’साठी आपल्याकडे ॲ आहे, ‘बॉल’साठी ऑ. आपल्या पोरांच्या लिपीतच हे फरक आहेत. ते दाखवून द्यायला मराठीच लागते ना?

क्लासवाला_लातूर
व्ह म्हणजे इंग्रजी व्ही नव्हे! व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, व्ह मध्ये नुसती हवा. माझी मुलं ‘व्हेरी’ म्हणतात तेव्हा ‘ह’ स्पष्ट ऐकू येतो. लिपीच्या भरवशावर बसलात तर चूक पक्की होते.

पालक_चिंचवड
आणि त्या ‘ह’मुळे कुणाला ‘व्हेरी’ कळलं नाही का? माझे जपानी, जर्मन सहकारी स्वतःच्या लकबीत बोलतात, कुणी हसत नाही. आपणच आपल्या पोरांना हसतो!

क्लासवाला_लातूर
तुम्ही कंपनीत पोहोचलात म्हणून हे बोलता येतं. ज्याला मुलाखतीच्या दारातून परत पाठवलंय त्याला सांगून बघा.

आई_न्यूजर्सी
दोघांनी जरा थांबा. माझा मुलगा सात वर्षांचा असताना इथे आला, इंग्रजी शून्य. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, घरी मराठी गोष्टी वाचणं बंद करू नका, वाचून झालं की ‘पुढे काय होईल, का’ हे मराठीतच विचारा. मला तेव्हा राग आला होता. वाटलं, आमचं पोर मागे ठेवतायत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हेच मांडलंय: एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसरीत कामाला येते. मात्र त्याला दिवसभर इंग्रजी ऐकू येत होतं. लातूरच्या पोराला ते नाही, हा सरांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक
आणि बोलण्याची परीक्षा? दहावीला भाषेचे २० अंतर्गत गुण २०१९ च्या मार्चमध्ये काढले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, लगेच परत आणले. मुलांना ते मिळावेत, माझी ना नाही. पण मी पाहिलेल्या किती वर्गांत पोराला एक वाक्य बोलायला न लावता ते भरले गेले! तोंड उघडल्याशिवाय तोंडीचे गुण. दुखतं ते हे.

ग्रामशिक्षिका
सर, गुणांचं अगदी खरं. लातूरकर, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगणं मलाही मान्य नाही. त्या पद्धतीने मीही दोन वर्षं घालवली, हे कबूल करते. आता उतारा आधी मी दोनदा मोठ्याने वाचते, हातवारे करून, चित्र दाखवून, मराठी न वापरता. मग पोरं जोडीने वाचतात. मराठी येते ती ‘का’ विचारताना, पाच-सात मिनिटं. बाकी तास इंग्रजीचाच. आणि तुमची ती सेमिनारची गोष्ट माझ्या बाजूची आहे. तुमचा उच्चार चुकला म्हणून तुम्ही गप्प झाला नाहीत. ती दोन बाकं हसली म्हणून झालात. तुमचा रुपया दंड पोरांशी तेच करतो.

क्लासवाला_लातूर
...दंडाचं मागे घेतो. बाकी काही नाही. सोमवारी बॅचला पाच मिनिटं मराठीत भांडू देतो, मग इंग्रजीत. पण ‘डिटरमाइन’ ऐकलं तर तिथल्या तिथे थांबवणार.

ग्रामशिक्षिका
थांबवा, पण त्याचं वाक्य पूर्ण झाल्यावर.