तेरेखोलची फेरी: एका दिवसाची वेळ पुढच्या आठवड्याला चालत नाही

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याहून तेरेखोलला यायचं आणि तिथून फेरीबोटीने खाडीपलीकडे गोव्यातल्या केरीला जायचं, हा सुचवला जाणारा मार्ग बरोबर आहे, पण "सकाळी फेरी पकडा" एवढा सल्ला पुरत नाही. ऐन सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, खाडीच्या मुखाशी पाणी उथळ होतं आणि फेरीबोट थांबते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जास्तच. भरती-ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. म्हणजे मुक्काम आठवडाभर लांबला की भरतीच्या वेळेला नेमकी ओहोटी येते! म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता आदल्या रात्री पाहा, सुकतीच्या आगेमागे दोन तास टाळा. चुकलंच, तर ताटकळू नका, सरळ आरोंदा–किरणपाणी पुलावरून पलीकडे जा. फेरा पडतो, पण रस्ता खाडीकाठचा आहे, वाया जात नाही. बुटकी गाडी उताराच्या धक्क्यावर जपून घाला, बंपर घासतो.